‘बोर्ड गेला’ म्हणणाऱ्यांना एक प्रश्न

मागच्या आठवड्यात देवरी तालुक्यातल्या एका शाळेचे गुरुजी मोटारसायकलच्या मागे पोत्यात गुंडाळलेला सीपीयू बांधून माझ्या दुकानात आले. सोबत एक कोरा कागद. म्हणाले, “भाऊ, दुरुस्त नाही झाला तरी चालते. फक्त ‘दुरुस्तीयोग्य नाही’ असं लिहून सही-शिक्का मारून द्या. निर्लेखनात टाकून देतो. ऑडिटवाले विचारून राहिले.”

सही मी दिली नाही. का दिली नाही, ते सांगायला ही पोस्ट. लांब आहे. पण तुमच्या गावच्या शाळेत, ग्रामपंचायतीत, सोसायटीत असाच एखादा सीपीयू कपाटावर धूळ खात पडला असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

झालं असं. जून महिना, शाळा उघडायच्या आधीची गडबड. गुरुजी दाखल्यांचं काम करत होते. विंडोजचं अपडेट आलं, रीस्टार्ट मागितलं, गुरुजींनी दाबलं. यावेळी अपडेटसोबत बायोसचं अपडेटही होतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांना कळायचं कारणही नव्हतं. काळ्या पडद्यावर पट्टी सरकू लागली, खाली इंग्रजीत ‘मशीन बंद करू नका’. तेवढ्यात वारा सुटला आणि लाइन गेली. युपीएस होता. त्याची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच मेली होती, तो फक्त लाल दिवा दाखवायला उरला होता. आपल्याकडच्या निम्म्या शाळांतल्या युपीएसची हीच गत, खोटं बोलत असेन तर कमेंटमध्ये सांगा.

लाइन आली तेव्हा पंखा फिरतो, दिवा लागतो, पडद्यावर काहीच नाही. गुरुजी सीपीयू घेऊन महाराष्ट्र एक्स्प्रेसच्या जनरल डब्यातून नागपूरला एका सर्व्हिस सेंटरवर गेले. तिथल्या माणसाने दहा मिनिटांत निकाल दिला : बोर्ड गेला, वॉरंटी संपली, या मॉडेलचा बोर्ड आता येत नाही, नवीन मशीन घ्या. झाकणसुद्धा उघडलं नाही, असं गुरुजींचं म्हणणं. तपासणीचे पैसे मात्र घेतले.

आता माझा प्रश्न. बोर्डातलं नेमकं काय गेलं?

बोर्डावर आठ पायांची एक चिप असते, तुरीच्या दाण्याएवढी. बहुतेक डेस्कटॉपमध्ये तिची क्षमता १६ एमबी, म्हणजे मोबाइलमधल्या तीनचार फोटोंएवढी. मशीन सुरू करताना प्रोसेसर सगळ्यात आधी या चिपमधलं लिखाण वाचतो. रॅम कुठे, डिस्क कुठे, पुढे काय करायचं, सगळं त्यातूनच त्याला कळतं. अपडेट म्हणजे जुनं लिखाण पुसून नवीन लिहिणं. अर्धं पुसलं, अर्धं लिहिलं आणि लाइन गेली, की प्रोसेसर उठतो, वाचायला जातो आणि तिथेच थांबतो. बस, एवढंच. चिप जळत नाही, प्रोसेसर मरत नाही, डिस्कवरचे दाखले जागेवर असतात. आपण राइस मिलवाल्या जिल्ह्यातले लोक, म्हणून मिलचंच उदाहरण देतो. मिल चालू करणारा मिस्त्री एक दिवस आला नाही, म्हणून कुणी मिल भंगारात विकते काय?

आणि हे नवीनही नाही. आपला जिल्हा १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्याच्या बरोबर पाच दिवस आधी, २६ एप्रिल १९९९ ला, सीआयएच नावाच्या व्हायरसने जगभरच्या कॉम्प्युटरवर हल्ला केला होता. तैवानच्या एका विद्यार्थ्याने लिहिलेला तो व्हायरस बायोसच्या चिपमध्येच कचरा लिहून टाकायचा. तेव्हाही मशीन अशीच काळी पडली आणि तेव्हाही जाणकारांनी चिप काढून, पुन्हा लिहून ती उठवली. म्हणजे उपाय आपल्या जिल्ह्याच्याच वयाचा आहे. तरी आज सांगतात, बोर्ड गेला.

मी काय केलं ते सांगतो. आधी फुकटचे उपाय. अशा वेळी मशीनला पंधरा-वीस मिनिटं तसंच राहू द्यावं, कधीकधी ते स्वतःच दोनतीनदा बंद-चालू होऊन सावरतं. डेलच्या बऱ्याच मशीनला कंट्रोल आणि एस्केप दाबून धरलं, एचपीच्या बऱ्याच मशीनला विंडोज आणि बी दाबून धरलं, की ते सावरण्याचा पडदा उघडतात किंवा पेन ड्राइव्हवरची फाइल शोधतात. काही बोर्डांना मागे फ्लॅशबॅकचं बटण असतं, तिथे प्रोसेसर नसला तरी पेन ड्राइव्हवरून लिहिता येतं. गिगाबाइटच्या अनेक बोर्डांवर दुसरी राखीव चिप असते. आणि ते बटणाएवढं सेल काढून लावायचं? त्याने फक्त सेटिंग पुसल्या जातात, बिघडलेलं लिखाण परत येत नाही. यूट्युब पाहून सेल काढून-काढून लोक होल्डर तोडून आणतात माझ्याकडे.

गुरुजींच्या मशीनला यातलं काहीच लागू पडलं नाही. मग प्रोग्रामर काढला. सीएच३४१ए नावाचं हे यंत्र पेन ड्राइव्हपेक्षा थोडं मोठं, मला क्लिपसकट चारपाचशे रुपयांत पडलं. मशीनची वायर काढली, सेल काढला, क्लिप चिपला लावली. आधी चिपमध्ये जे उरलंय ते वाचून घेतलं, दोनदा, आणि दोन्ही प्रती एकसारख्या आहेत का ते ताडून पाहिलं. पहिल्यांदा जुळल्या नाहीत, क्लिप नीट बसली नव्हती. तिसऱ्यांदा जुळल्या. इथे घाई करणारा फसतो. कारण त्या अर्धवट लिखाणातच मशीनचा सीरियल नंबर असतो, विंडोजची चावी असते, अनेक बोर्डांत नेटवर्कचा पत्ताही असतो. दुसऱ्या मशीनची फाइल जशीच्या तशी ओतली तर मशीन सुरू होईल, पण ते स्वतःला दुसरंच कुणी समजेल. म्हणून कंपनीच्या अपडेट फाइलमधून मुख्य भाग काढायचा, या मशीनचा स्वतःचा भाग शाबूत ठेवायचा, दोन्ही जोडून लिहायचं.

लिहायला काही मिनिटं. जोडणी करायला पूर्ण दुपार. आणि दुपार का लागली, तर माहिती कंपनीने दिलेली नाही. अपडेटची फाइल एका डब्यात, तो डबा दुसऱ्या डब्यात, कुठला तुकडा कुठे बसतो याचा कागद कुठेच नाही. सगळं अंदाजाने आणि अनुभवाने.

माझ्या हातूनही चुका झाल्या आहेत, लपवत नाही. एकदा १.८ व्होल्टच्या चिपला ३.३ व्होल्टची क्लिप लावून एका गिऱ्हाइकाचा बोर्ड मीच मारला आणि भरपाई दिली. पण ती चूक तरी का झाली? नकाशा बाजारात मिळत नाही म्हणून.

आता कुणी म्हणेल, असं आहे तर अपडेटच कशाला करता? भावांनो, तेही चालणार नाही. डिसेंबर २०२३ मध्ये लोगोफेल नावाची छिद्रं उघड झाली. मशीन सुरू होताना कंपनीचं चित्र दिसतं ना, ते चित्र वाचणाऱ्या कोडमध्येच ती होती. ती बुजवायला बायोसचंच अपडेट लागतं. शिवाय सिक्युअर बूटची २०११ ची प्रमाणपत्रं जून २०२६ पासून संपू लागतात, त्यामुळेही अनेक मशीनवर असे अपडेट येणारच. म्हणजे अपडेट सक्तीचं, लाइन बेभरवशाची आणि पडलं तर उठवायची सोय नाही. हा सौदा कुणी ठरवला? देवरीच्या गुरुजींनी तर नाही.

सोय करता येत नाही असंही नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने मे २०१८ मध्येच मार्गदर्शक तत्त्वं काढली : फर्मवेअरचं रक्षण करा, बिघाड ओळखा, आणि बिघडलं तर सावरा. तिसरा मुद्दा वाचा पुन्हा. महागड्या मशीनमध्ये राखीव प्रत असते, आपोआप सावरणं असतं. स्वस्तातल्या मशीनमध्ये नेमकं तेच कापतात. आणि आपल्या शाळा-पंचायतींना काय मिळतं? सगळ्यात कमी दराचं. मी आजवर पाहिलेल्या खरेदीच्या कागदांत रॅम किती, पडदा किती इंचाचा, माउस वायरचा की बिनवायरचा, सगळं लिहिलेलं. अपडेट फसलं तर मशीन स्वतः उठेल काय, ही ओळ एकाही कागदात नाही.

कंपन्या सांगतात, कुलूप सुरक्षेसाठी आहे. मान्य. कुणीही उठून काहीही लिहू नये, हे मलाही पटतं. पण मी काय मागतोय? कंपनीने स्वतः सही केलेली पूर्ण फाइल आणि ती कुठे बसते त्याचा कागद. त्याने कुलूप कुठे तुटते? तुटते फक्त नवीन मशीनची विक्री.

सरकारबद्दलही बोलू. २४ डिसेंबर २०२२ ला केंद्राने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. चांगलं केलं. पण आमच्यासारख्यांना चिपमध्ये लिहायची फाइल तिथून मिळत नाही. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले, कचरा कुणी उचलायचा त्याचे. पण चांगलं मशीन कचरा ठरूच नये, याची जबाबदारी कुणाची? एका कोऱ्या कागदावरच्या माझ्या सहीची?

जिल्हा परिषदेच्या सदस्यांपैकी काही जण ही पोस्ट वाचतात, म्हणून स्पष्टच लिहितो. निर्लेखनाच्या प्रस्तावाला नुसता ‘दुरुस्तीयोग्य नाही’ हा शेरा चालवून घेऊ नका. काय बिघडलं आणि चिप वाचून पाहिली का, हे लिहून मागा. पुढच्या खरेदीत ‘फर्मवेअर आपोआप सावरण्याची सोय असावी’ ही एक ओळ घाला. युपीएसच्या बॅटरीला दरवर्षी खर्चाची तरतूद ठेवा, लाल दिव्यासाठी नको. आणि गुरुजी लोकांनो, अपडेटमध्ये ‘बायोस’ किंवा ‘फर्मवेअर’ शब्द दिसला तर वादळाच्या दिवसांत ते दुपारी लावू नका. युपीएस खरंच टिकतो का, आधी वायर काढून पाहा. बिटलॉकर चालू असेल तर त्याची चावी कागदावर लिहून ठेवा, नंतर मशीन ती मागू शकतं.

गुरुजींचं मशीन संध्याकाळी साडेसहाला सुरू झालं. तारीख चुकीची दाखवत होतं, सेल काढला होता ना. दाखल्यांच्या फाइली जशाच्या तशा. गुरुजी पडद्याकडे पाहत होते, मग हळूच म्हणाले, “भाऊ, असे अजून दोन आहेत जी आमच्या केंद्रात. त्यांचं निर्लेखन मागच्या वर्षीच झालं. गोदामात पडून आहेत.”

रविवारी क्लिप आणि प्रोग्रामर घेऊन तिकडे जातोय. सालेकसा, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगावकडे कुणाकडे असे ‘बोर्ड गेलेले’ पडून असतील, तर मॉडेल नंबर आणि शेवटी पडद्यावर काय दिसलं होतं, तेवढं कमेंटमध्ये टाका. भंगारवाल्याला मात्र आत्ताच देऊ नका.