लाज नव्हे, इलाज हवा

जननेंद्रियांवर वारंवार उठणाऱ्या हर्पिसविषयी बोलण्यास आपला समाज कचरतो. वस्तुतः जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ मधील अंदाजानुसार १५ ते ४९ वयोगटातील पाचांपैकी एकाहून अधिकांस त्याची लागण आहे. विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत दडतो व पुनःपुन्हा फोड उठवतो. शरीराचीच प्रतिकारशक्ती जागवणारा रेसिक्विमॉडचा लेप हे थोपवील, ही आशा २००३ साली मोठ्या चाचण्यांत फोल ठरली. असायक्लोव्हिरच्या गोळ्यांनी त्रास कमी होतो. रोगाचे मूळ मात्र उपटले जात नाही. विज्ञान आपले अपयश जाहीर करते. हमखास गुणाची ग्वाही देणारे भोंदू रुग्णाच्या लाजेवरच पोसतात. ती लाज सोडून रुग्णांनी निःसंकोचपणे डॉक्टरांकडे जावे व समाजाने त्यांस दूषण देऊ नये, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.