न कळणाऱ्या शब्दांची तबकडी

गिटार, माउथऑर्गन आणि किंचित कापरा, उंच पट्टीतला आवाज ही कॅनडाच्या नील यंगची ओळख. १९७२ साली ‘हार्वेस्ट’ या तबकडीने त्याचा हा आवाज घरोघरी पोचवला. म्हणूनच १९८२च्या अखेरीस त्याची ‘ट्रान्स’ ही तबकडी आली, तेव्हा रॉकचे रसिक चक्रावले. नऊपैकी सहा गाण्यांत जणू एखादा यंत्रमानव गात होता. भोवती सिंथेसायझरचे सूर आणि त्यातून येणारे शब्द तर धड कळतही नव्हते.

ही किमया होती व्होकोडर नावाच्या यंत्राची. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९३०च्या दशकात टेलिफोनच्या संशोधनातून ते जन्माला आले. हे यंत्र माणसाच्या आवाजाची उंच-खालच्या पट्ट्यांत विभागणी करते, प्रत्येक पट्टीतला चढउतार टिपते आणि तो वाद्याच्या सुरावर चढवते. ओठ माणसाचे हलतात, पण बोलते मात्र वाद्य!

यंग नव्या फॅशनच्या मागे लागला, असा अनेकांचा समज झाला. त्याची ध्वनिमुद्रण कंपनी गेफेन रेकॉर्ड्स तर त्याहून पुढे गेली. ‘ट्रान्स’ आणि तिच्यानंतरची जुन्या रॉक अँड रोलच्या धाटणीची तबकडी या दोन्ही त्याच्या नेहमीच्या संगीतासारख्या नाहीत आणि खपणाऱ्याही नाहीत, म्हणून कंपनीने १९८३ साली त्याच्यावर ३३ लाख डॉलरचा दावा ठोकला. नील यंग हा नील यंगसारखा गात नाही, ही तक्रार! पुढे हा दावा आपसात मिटला.

या यंत्राच्या आवाजामागे एक घरगुती दुःख होते, ते मात्र यंगने तेव्हा बोलून दाखवले नाही. १९७८ साली जन्मलेल्या त्याच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी होती. मेंदूला झालेल्या इजेमुळे हातापायांवर ताबा नव्हता, बोलता येत नव्हते. नील आणि त्याची पत्नी पेगी यांनी सुमारे दीड वर्ष सकाळपासून रात्रीपर्यंत त्याच्याकडून खडतर व्यायाम करून घेतले. मूल काहीतरी सांगू पाहत होते आणि आईबापांना ते कळत नव्हते. काही वर्षांनी यंगने उलगडा केला, की ‘ट्रान्स’ म्हणजे हीच धडपड. मुलाचे बोलणे बापाला कळत नाही, तसेच बापाचे शब्द श्रोत्यांना कळू नयेत. ‘ट्रान्सफॉर्मर मॅन’ हे गाणे त्या मुलासाठीच होते.

त्यातल्या बटणाच्या उल्लेखालाही अर्थ होता. यंगला खेळण्यातल्या आगगाड्यांचे वेड. मुलालाही त्या चालवता याव्यात, म्हणून त्याने एक मोठे बटण बसवून घेतले. ज्याला शब्द उच्चारता येत नव्हता, तो बटण दाबून अख्खी गाडी हलवू लागला.

पुढे १९८६ साली पेगीच्या पुढाकाराने कॅलिफोर्नियात ‘ब्रिज स्कूल’ उभी राहिली. बोलता न येणाऱ्या, शरीराने परावलंबी मुलांना तिथे चित्रांचे फलक, बटणे आणि बोलकी यंत्रे यांच्या साहाय्याने आपले म्हणणे मांडायला शिकवतात. त्याच वर्षापासून शाळेच्या मदतीसाठी यंग दांपत्य जलसे भरवू लागले. २०१६ पर्यंत, एखाददुसरे वर्ष वगळता, ते होत राहिले.

१९९३ साली यंगने दूरदर्शन वाहिनीच्या एका कार्यक्रमात ‘ट्रान्सफॉर्मर मॅन’ यंत्र बाजूला ठेवून, साध्या वाद्यांवर गायले. दहा वर्षांपूर्वी जे विक्षिप्त वाटले होते, ते बापाने मुलासाठी गायलेले गाणे आहे, हे तेव्हा अनेकांच्या ध्यानात आले. बोलता न येणे म्हणजे सांगण्यासारखे काही नसणे नव्हे. ऐकणाऱ्याने मात्र थोडे थांबायला हवे.