काळजातली धास्ती हाही आपल्या लढ्याचाच प्रश्न



तहसीलची नोटीस आली की काय करायचं ते आपण शिकलो. एक-ई ची नोंद, दंडाच्या पावत्या, जुन्या माणसांची साक्ष, सगळं फडक्यात बांधून उदगीर गाठायचं, अर्ज द्यायचा, पोच घ्यायची. पण त्याच नोटिशीनं घरातल्या माणसाच्या काळजात जे होतं, त्याचं काय करायचं ते आपण अजून शिकलो नाही.

वस्तीवरच्या बैठकीत हे ऐकू येतंच. "रातच्याला डोळा लागंना." "जीपचा आवाज आला की हातपाय गार पडतेत." "कशातच मन लागंना, जगून काय करावं?" आपण म्हणतो, होतंय तसं, धीर धर. बाई असली तर 'बाहेरचं झालं' म्हणतो. गडी असला तर तो दारूकडं वळतो आणि आपण बघत राहतो.

आठवा, ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर आपल्या जिल्ह्यात काय होतं. भांडं वाजलं तरी माणसं घराबाहेर पळायची, कित्येक महिने उघड्यावर झोपायची. त्यांना कुणी येडं म्हटलं नाही. जमीन हलली म्हणून माणूस हलला, हे सगळ्यांना कळत होतं. मग पायाखालची जमीन कागदावर हलते तेव्हा माणूस हलणार नाही का? १४ एप्रिल १९९० च्या आधीपासून गायरान कसणारे अजून सातबाऱ्याची वाट बघतात. २०२२ साली गायरानावरची सव्वादोन लाखांच्या आसपास अतिक्रमणं काढायची म्हणून गावोगाव नोटिसा आल्या. किनवट-माहूरकडच्या वनहक्क दावेदारांनी फेब्रुवारी २०१९ पाहिला आहे. १३ तारखेला सुप्रीम कोर्टानं नाकारलेल्या दाव्यांवर बेदखलीचा आदेश दिला, २८ ला स्थगिती आली. मधले पंधरा दिवस देशभर लाखो घरांचा जीव टांगणीला होता. पारधी समाजाची गोष्ट तर आणखी जुनी. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का १९५२ ला पुसला, पण खाकी दिसली की लेकरू आजही आईच्या मागं लपतं.

भीती वाटणं हा आजार नाही. संकटात ती वाटलीच पाहिजे. पण संकट समोर नसतानाही छाती धडधडते, घाम फुटतो, श्वास अडकतो, पोटात गोळा येतो, झोप आणि भूक जाते, कामावर हात चालत नाही, आणि हे आठवडे-महिने चालू राहतं, तेव्हा तो चिंतेचा आजार असतो. सतत उदास राहणं, रडू येणं, जगण्यात रस न उरणं हे नैराश्य. कुणी नसताना आवाज ऐकू येणं, सगळे आपल्या वाईटावर आहेत असं वाटणं हा आणखी वेगळा आजार. यातला कुठलाही आजार पाप नाही, करणी नाही, भित्रेपणा नाही. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत दहा प्रौढांमागं साधारण एकाला मनाचा आजार दिसला, आणि बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. म्हणजे हे शहरातल्या लोकांचे चोचले नाहीत.

देवाला, भगताकडं जायचं तर कुणी अडवत नाही. पण भूत काढायला म्हणून मारणं-बांधणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. मनाच्या रुग्णाला साखळीनं बांधायलाही २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बंदी केली आहे. आणि एक ध्यानात ठेवा. विधवा बाईला डाकीण किंवा येडी ठरवलं की तिचा तुकडा हडपायला वाट मोकळी होते. असं कुठं चाललं असेल तर तो संघटनेचा प्रश्न समजा.

२०१७ च्याच कायद्यानं सरकारी दवाखान्यात मनाच्या आजारावर उपचार मिळणं हा हक्क केला. जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरावं आणि सरकारनं त्याची काळजी घ्यावी, असं कलम ११५ सांगतं. पण राज्यातली चारही जुनी मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्यात एकही नाही. उदगीरहून लातूर साठ-पासष्ट किलोमीटर. एक दिवसाची मजुरी आणि एस.टी.चं भाडं घालवून गोळ्या आणायला कोण जाणार? म्हणून निवेदनात आता हेही लिहायचं: उदगीरच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांचे ठरलेले वार हवेत आणि गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळाल्या पाहिजेत.

उद्या कुणी साहेब म्हणेल, तुम्हाला समुपदेशन देतो, पट्ट्याचं नंतर बघू. त्याला सांगायचं की गोळी हवी आणि सातबाराही हवा. वनहक्क कायद्याचं कलम ४(५) सांगतं की दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कुणाला हटवता येत नाही. तेवढं पाळलं तरी कित्येक घरांत झोप परत येईल. पण पट्टा येईपर्यंत माणूस टिकला पाहिजे, म्हणून उपचार आजच हवेत.

वस्तीवर आपण एवढं करू. बैठकीत दाव्याबरोबर माणसाचीही विचारपूस करायची. नोटीस आलेल्या घरी पहिले काही दिवस कुणीतरी जाऊन बसायचं. 'येडा' हा शब्द थट्टेतही नको. दारूनं धास्ती दबत नाही, वाढते, हे पोरांना सांगायचं. फवारणीचं औषध घरात उघडं ठेवायचं नाही. जगणं नकोसं झालंय असं कुणी बोललं तर त्याला एकटं सोडायचं नाही, आशाताईंना कळवायचं, दवाखान्यात सोबत जायचं. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं, तो प्रत्येक घराच्या भिंतीवर लिहा. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायच्या नाहीत.

मोर्चात आपण एकमेकांचा हात धरून चालतो. तोच हात रात्री झोप न लागणाऱ्या माणसापर्यंत पोचला पाहिजे.