एका गावाची नावं किती!

दोस्तांनो, तुमच्या वर्गात एखादा सातारकर किंवा एखादी नगरकर नक्की असेल. गावाच्या नावापुढे 'कर' लावला की झालं आडनाव तयार! कोकणातल्या बेने इस्राएल ज्यू लोकांनीही हीच रीत उचलली. पेणचे ते पेणकर, किहीमचे ते केहीमकर. पण तिकडे लांब युरोपातले काही ज्यू लोकसुद्धा गावावरूनच आडनाव घ्यायचे, हे ठाऊक आहे तुम्हांला? आज अशाच एका आडनावाची गोष्ट.

चेक देशात, प्राग शहरापासून साधारण ५० किलोमीटरवर, होर्झोवित्से नावाचं एक छोटं गाव आहे. तिथलं एक ज्यू घराणं प्रागला येऊन राहिलं. हे लोक लेवी, म्हणजे जेरुसलेमच्या प्राचीन मंदिरात सेवा करणाऱ्यांच्या वंशातले. पण लेवी तर गावोगाव होते. मग हे कुठले? तर होर्झोवित्सेचे! जर्मन भाषेत त्याचं झालं 'होरोवित्स'. आपल्याकडे असते, तर 'होर्झोवित्सेकर' झाले असते, नाही का?

पुढे अशी आडनावं लावणारी माणसं देशोदेशी पसरली. आणि खरी गंमत तिथेच सुरू झाली. रशियन भाषेत आपल्यासारखा 'ह' नाही. तिथे 'हॅम्लेट'चा होतो 'गामलेत'! मग होरोवित्सचं काय होणार? कुठे 'गोरोवित्स' झालं, तर कुठे 'गुरेविच'. इकडे अमेरिकेत कुणी 'हॉरोविट्झ' म्हणू लागलं, कुणी 'हर्विट्झ'.

व्लादिमिर होरोवित्स हा जगप्रसिद्ध पियानोवादक १९०३ साली जन्मला आणि १९२५ साली रशिया सोडून गेला. १९८६ मध्ये मॉस्कोला परत येऊन त्याने पियानो वाजवला. माणूस एकच, पण रशियन लिपीत तो गोरोवित्स आणि अमेरिकेत हॉरोविट्झ!

आणि गुरेविच? त्याला तर तुम्ही ओळखता. 'मिग' विमानांतला 'ग' म्हणजे मिखाइल गुरेविच. मिकोयान आणि गुरेविच या जोडीची ती विमानं. १९६३ पासून २०२५ पर्यंत मिग-२१ आपल्या हवाई दलात होतं. त्यांतली कितीतरी विमानं नाशिकजवळ ओझरला तयार झाली. म्हणजे एका चेक गावाच्या नावाचा तुकडा ओझरच्या आभाळात उडत होता की!

आता तुम्ही म्हणाल, स्पेलिंग बदललं तर बिघडलं कुठे? बिघडतं बरं का! दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझींनी सुमारे ६० लाख ज्यूंना ठार मारलं. जे वाचले, ते जगभर पांगले. मग आपली माणसं शोधायची कशी? एका यादीत नाव 'ह'खाली, तर दुसरीत 'ग'खाली. सख्खे भाऊसुद्धा कागदावर परके!

यावर १९८५ साली अमेरिकेत गॅरी मोकोटॉफ आणि रँडी डाइच यांनी एक युक्ती काढली. नाव कसं लिहिलंय ते नका बघू, कसं ऐकू येतं ते बघा! ह, ग, क यांना ५. र ला ९. व, ब, प यांना ७. त्स, स, च यांना ४. मधले स्वर सोडून द्यायचे. घ्या पेन्सिल! होरोवित्स : ५, ९, ७, ४. हर्विट्झ : ५, ९, ७, ४. आणि गुरेविच? ५, ९, ७, ४! हरवलेले सगळे एका ओळीत आले. अर्थात, आकडा जुळला म्हणजे नातं लागलंच असं नव्हे. पण कुणाचं दार वाजवायचं ते तरी कळतं.

शेवटी पुन्हा प्रागला जाऊ या. १५३५ साली आरोन मेशुलाम होरोवित्स याने तिथे 'पिंकास' हे प्रार्थनामंदिर बांधलं. आज त्याच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या जवळपास ७८ हजार चेक ज्यूंची नावं हातांनी लिहिलेली आहेत. गावाचं नाव, आडनाव, मग घरातलं एकेक माणूस. भिंतींत पाणी मुरलं म्हणून १९६८ साली ती वास्तू बंद करावी लागली आणि नावं गेली. पण लोक गप्प बसले नाहीत. १९९२ ते १९९६ या काळात ती नावं पुन्हा लिहून काढली. कारण त्यांतल्या बहुतेकांना ना थडगं आहे, ना दगड. आहे ते फक्त नाव.

तर या रविवारचा तुमचा अभ्यास : घरातले जुने कागद काढा. आजोबांचा शाळेचा दाखला, आजीचं रेशनकार्ड, बाबांचं पासपोर्टचं पुस्तक. तुमचं आडनाव इंग्रजीत किती तऱ्हांनी लिहिलंय ते मोजा. आणि ते मुळात आलं कुठून, हे आजी-आजोबांना विचारून एका वहीत लिहून ठेवा. विचारायला मात्र उशीर करू नका!