विचारून घ्या

दिवाळीच्या खरेदीने बाजार फुललेला असताना हा अंक आपल्या हाती येत आहे. चार दुकाने हिंडणे, साडीचा पोत हाताने पाहणे, किंमत ऐकून ती परत ठेवणे, ही सारी ग्राहकाची मोकळीक. न घेतलेल्या वस्तूपाशी आपण किती वेळ रेंगाळलो, याची नोंद दुकानदाराच्या वहीत कधी नव्हती. आता ती आपल्या खिशातल्या फोनवरून करता येते.

वाय-फाय चालू असलेला फोन जवळचे नेटवर्क शोधत अधूनमधून संदेश सोडतो. त्यात फोनचा ओळखक्रमांक असतो. दुकानातली यंत्रे तो टिपतात आणि संदेशाच्या जोरावरून ग्राहक कुठे, किती वेळ थांबला याचा अंदाज बांधतात. त्यासाठी दुकानाचे वाय-फाय जोडावेही लागत नाही.

अमेरिकेतील नॉर्डस्ट्रॉम या दुकानसाखळीने २०१२ मध्ये १७ दुकानांत हा प्रयोग सुरू केला. तशी पाटी लागताच ग्राहकांनी नाराजी कळवली आणि मे २०१३ मध्ये प्रयोग बंद झाला. याच कामातल्या नोमी टेक्नॉलॉजीज या कंपनीने २०१३ च्या पहिल्या नऊ महिन्यांत सुमारे ९० लाख फोनांची माहिती जमवली. दुकानातच नकार देता येईल, असे तिने सांगितले होते; ती सोय नव्हतीच. २०१५ मध्ये अमेरिकी सरकारच्या फेडरल ट्रेड कमिशनने तिच्यावर कारवाई केली. जिथे पाटी होती, तिथे ग्राहकांना बोलता आले. जिथे ठाऊकच नव्हते, तिथे नकार देणार कोण?

पुढे फोन कंपन्यांनी फोनचा हा ओळखक्रमांक बदलता ठेवायला सुरुवात केली, तरी ॲपला दिलेली परवानगी आणि बिलाच्या वेळी मागितला जाणारा मोबाईल नंबर या वाटा उरतातच. नंबरासाठी ग्राहकाची अडवणूक करू नये, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्ये दुकानदारांना बजावले. त्याच वर्षी वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याआधी, २०१७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला होता. हक्क कागदावर आला आहे. तो गल्ल्यापाशी वापरायला हवा. नंबर का हवा, हे प्रत्येकाने विचारावे आणि पटले नाही तर खुशाल नाही म्हणावे.

हा अंक जाहिरातदारांच्या बळावर निघतो, त्यांतले अनेक व्यापारी आहेत. त्यांनाही आग्रहाने सांगतो : ग्राहकाची माहिती हवी असेल तर आधी विचारा, नकार मिळाला तरी त्याच आपुलकीने माल दाखवा. पिढ्यान्‌पिढ्यांचे गिऱ्हाईक विश्वासाने टिकते.