आधी आवृत्तीचे पान उघडा: इतिहासाच्या विद्यार्थ्याने तांत्रिक पुस्तके कशी निवडावीत?

१/ २०१३ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील थॉमस हर्नडन या अर्थशास्त्राच्या संशोधक विद्यार्थ्याने वर्गातील स्वाध्याय म्हणून एक गाजलेला निबंध पडताळायला घेतला. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांचा हा निबंध २०१० चा होता. सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपलीकडे गेले की विकासदर कोसळतो, असा त्याचा निष्कर्ष. हर्नडनच्या हिशेबात मात्र ते आकडे काही केल्या येईनात.

२/ अखेर त्याने मूळ लेखकांकडून स्प्रेडशीट मागवली. सरासरीच्या सूत्रात वीसपैकी पाच देशांच्या ओळी धरल्याच गेल्या नव्हत्या. शिवाय काही वर्षांची माहिती वगळलेली होती आणि देशांना वजन देण्याची पद्धतही वादग्रस्त होती. हर्नडन आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी सारे दुरुस्त करून मांडल्यावर उणे ०.१ टक्के ही सरासरी २.२ टक्के झाली. लेखकद्वयाने सूत्रातील चूक मान्य केली, इतर आक्षेप मात्र फेटाळले.

३/ तोवर युरोप-अमेरिकेतील काटकसरीच्या धोरणांच्या समर्थनार्थ त्या निबंधाचा दाखला अनेकदा दिला गेला होता. हा निबंध मुळात इतिहासाचा होता, कारण त्यात १९४६ ते २००९ या काळातील देशांची आकडेवारी होती. म्हणजे इतिहासाच्या साधनाची चिकित्सा झाली, पण ती करायला स्प्रेडशीटच्या चौकटीत डोकावून पाहणारा डोळा लागला.

४/ म्हणून आजचा धागा नेहमीपेक्षा वेगळा आहे. यात लढाई नाही, तह नाही. डेटाबेस, प्रतिमाने बांधण्याची सॉफ्टवेअरे आणि गणिती वित्तशास्त्र या विषयांवरची पुस्तके आपण कशी निवडावीत, याबद्दल माझे मत मांडणार आहे. ते थोडक्यात असे: तांत्रिक पुस्तक हेही एक ऐतिहासिक साधन आहे, आणि बखरीला जे प्रश्न विचारतो तेच त्यालाही विचारावेत.

५/ हे मत मला फुकट मिळालेले नाही. पदव्युत्तर प्रबंधिकेसाठी मी मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरांतून धान्याचे भाव उतरवून घेत होते. स्प्रेडशीट नीट येत नव्हती, म्हणून पुण्यात अप्पा बळवंत चौकातून एक जाडजूड जुने पुस्तक स्वस्तात आणले. ते सॉफ्टवेअरच्या एका जुन्या आवृत्तीवर लिहिलेले होते. पुस्तकात दाखवलेले पर्याय माझ्या पडद्यावर दिसतच नव्हते. तरी चिकाटीने महिनाभर बसले आणि सुंदर आलेख काढायला शिकले.

६/ त्या सुंदर आलेखात १८७६-७७ च्या दख्खनच्या दुष्काळात ज्वारीची रेषा खाली उतरलेली दिसत होती. दुष्काळात स्वस्ताई? तेव्हा कुठे ध्यानात आले. त्या तक्त्यांत भाव ‘शेराला किती रुपये’ असा दिलेला नव्हता, ‘रुपयाला किती धान्य’ असा होता. आकडा जितका लहान, तितकी महागाई मोठी. माझा सारा आलेखच उलटा होता.

७/ पुढची चूक याहून सूक्ष्म होती. एका गावी रुपयाला २० शेर, दुसऱ्या गावी ४० शेर. मी सरासरी ३० धरली. पण शेराचा भाव काढून पाहा: एकीकडे ०.०५ रुपया, दुसरीकडे ०.०२५. त्यांची सरासरी ०.०३७५, म्हणजे रुपयाला सुमारे २६.७ शेर. अशा ठिकाणी हरात्मक मध्य वापरावा लागतो. माझ्या आठशे पानी पुस्तकात सरासरीचे बटण कोठे आहे ते होते. ती सरासरी केव्हा काढू नये, याबद्दल एक ओळही नव्हती.

८/ दोष पुस्तकाचा नव्हता, निवडीचा होता. सभासदाने आपली बखर १६९७ च्या सुमारास जिंजीस लिहिली, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून. मल्हार रामराव चिटणिसांनी त्याच शिवचरित्रावर लिहिले ते शंभराहून अधिक वर्षांनी. या दोघांना आपण एकाच तागडीत तोलत नाही. लेखक कोण, केव्हा, कोणासाठी आणि कशासाठी, हे आधी विचारतो. राजवाड्यांनी समकालीन पत्रांसाठी गावोगाव पायपीट केली ती याच जाणिवेने. पुस्तकाच्या दुकानात शिरताच ही जाणीव आपण उंबऱ्याबाहेर का ठेवतो?

९/ पहिले दालन डेटाबेसचे. १९६०च्या दशकात आयबीएमने अपोलो मोहिमेच्या अग्निबाणांच्या असंख्य सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी आयएमएस नावाची प्रणाली घडवली. तीत माहिती वंशवृक्षासारखी रचलेली असे. मुळापासून फांदीपर्यंतची वाट ठाऊक असेल तरच नोंद सापडे. जून १९७० मध्ये आयबीएमच्याच एडगर कॉड यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती साध्या तक्त्यांत मांडावी, आणि ती यंत्रात कोठे व कशी साठवली आहे हे वापरणाऱ्याला माहीत असण्याची गरजच नसावी, असा त्यांचा आग्रह होता.

१०/ हा आग्रह आपल्या कामी कसा येतो ते पाहू. एका कागदात ‘नाना’ असे नाव आले. हा नाना कोण? बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशवे, बाळाजी जनार्दन ऊर्फ नाना फडणवीस, की १८५७ चे धोंडोपंत नानासाहेब? पहिल्या दोघांचे तर पाळण्यातले नावही बाळाजीच. तक्त्यात नावावर विसंबलो तर तीन माणसे एक होतात, किंवा एकाच माणसाची तीन होतात. प्रत्येक व्यक्तीला स्वतंत्र ओळखक्रमांक द्यावा आणि नावे वेगळ्या तक्त्यात ठेवावीत, हा कॉड यांच्या विचारातून निघणारा धडा आहे. तो कोणत्याही कंपनीच्या सॉफ्टवेअरवर अवलंबून नाही.

११/ म्हणून या दालनात तत्त्वाचे पुस्तक घ्यावे. कॉड यांचे सहकारी सी. जे. डेट यांच्या पाठ्यपुस्तकाची पहिली आवृत्ती १९७५ ची. पुढे त्याच्या आठ आवृत्त्या निघाल्या. सिल्बरशॅट्झ, कॉर्थ आणि सुदर्शन यांच्या ‘डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स’ची सातवी आवृत्ती २०१९ मध्ये आली. त्यांतील सुदर्शन हे आपल्या आयआयटी मुंबईचे प्राध्यापक. दोन्ही ग्रंथ दांडगे आहेत. आपल्याला त्यांतील तक्त्यांची रचना, ओळखक्रमांक आणि पुनरुक्ती टाळण्याची प्रकरणे पुरेत. या भागासाठी जुनी, स्वस्त आवृत्तीसुद्धा चालते.

१२/ दुसरे दालन प्रतिमानांचे. येथे दोन जाती एकत्र नांदतात. एक जात आराखड्यांची. पीटर चेन यांनी १९७६ मध्ये वस्तू आणि त्यांचे परस्परसंबंध चौकटी-रेषांनी मांडण्याची रीत दिली. १९९७ मध्ये सॉफ्टवेअरच्या आराखड्यांसाठी यूएमएल ही प्रमाण चित्रभाषा ठरली आणि तिच्यावर पुस्तकांचा पूर आला. त्यांतील मार्टिन फाउलर यांचे ‘यूएमएल डिस्टिल्ड’ हे सडपातळ पुस्तक मला आजही वाचनीय वाटते. सारी चिन्हे पाठ करवण्याऐवजी ते नेमकी कामाची तेवढी निवडून देते.

१३/ दुसरी जात हिशेबी प्रतिमानांची. १९७९ मध्ये व्हिजिकॅल्क आले, १९८३ मध्ये लोटस १-२-३, आणि पुढे एक्सेलने दोघांनाही मागे सारले. त्या त्या काळी त्या त्या सॉफ्टवेअरवर जाडजूड पुस्तके निघाली आणि आज ती रद्दीच्या भावाने विकली जातात. माझा नियम सोपा आहे: शीर्षकात सॉफ्टवेअरचे नाव आणि आवृत्तीचा आकडा असेल, तर ते ग्रंथालयातून आणावे, विकत घेऊ नये. गणिताचे पुस्तक दहा वर्षे पुरते; बटणांचे पुस्तक पुढची आवृत्ती येईपर्यंत.

१४/ आणि बटणे दाबता येणे म्हणजे प्रतिमान कळणे नव्हे. फोगेल आणि एंगरमन यांचे अमेरिकी गुलामगिरीवरचे ‘टाइम ऑन द क्रॉस’ १९७४ मध्ये आले. एका मळेवाल्याच्या रोजनिशीवरून त्यांनी हिशेब मांडला: वर्षाकाठी माणशी सरासरी ०.७ फटकेशिक्षा. आकडा किती सौम्य दिसतो! पुढच्याच वर्षी हर्बर्ट गुटमन यांनी त्याच रोजनिशीतून दाखवले की त्या मळ्यावर दर साडेचार दिवसांनी कोणाला ना कोणाला फटके बसत होते.

१५/ साधन एकच, भागाकार दोन. पण डोळ्यांदेखत दुसऱ्याला फटके बसताना पाहणाऱ्या माणसाच्या वाट्याला आलेली दहशत पहिल्या सरासरीत मावत नाही. फोगेल यांना पुढे १९९३ चे नोबेल मिळाले. संख्यात्मक इतिहासातील त्यांचे स्थान कोणी नाकारत नाही. तरीही कोणता भागाकार निवडावा, हे सॉफ्टवेअर सांगत नाही. जे पुस्तक हा प्रश्न विचारायला शिकवते ते घ्यावे.

१६/ तिसरे दालन गणिती वित्तशास्त्राचे. आपला याच्याशी काय संबंध? संबंध असा, की अलीकडच्या अर्धशतकाचा आर्थिक इतिहास याच्याविना वाचताच येत नाही. लुई बाशेलिये याने १९०० साली पॅरिसमध्ये सट्ट्याच्या गणितावर प्रबंध लिहिला. १९७३ मध्ये ब्लॅक आणि शोल्स यांचे ऑप्शनच्या किमतीचे सूत्र प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये शिकागोत ऑप्शनचा संघटित बाजार उघडला.

१७/ १९ ऑक्टोबर १९८७ रोजी डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के कोसळला. सूत्रात चढउताराची तीव्रता स्थिर धरलेली होती. त्या दिवसानंतर बाजारातील ऑप्शनच्या किमती त्या गृहीतकाशी कायमच्या फारकत घेऊन बसल्या. म्हणून या विषयाचे पुस्तक त्या सोमवारच्या आधीचे की नंतरचे, हा पहिला प्रश्न. आधीचे असेल तर ते टाकाऊ नव्हे. ते त्या काळच्या विश्वासाचे अस्सल साधन आहे. मात्र आजचा बाजार समजून घेण्यासाठी ते वापरू नये.

१८/ जॉन हल यांचे ‘ऑप्शन्स, फ्यूचर्स अँड अदर डेरिव्हेटिव्ह्ज’ १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून नव्या नव्या आवृत्त्यांत निघत आले आहे. त्याची जुनी आवृत्ती घेणाऱ्याला लायबोर या लंडनच्या व्याजदराचे वर्णन जिवंत गोष्टीसारखे वाचायला मिळेल. डॉलरचा लायबोर २०२३ च्या मध्यावर इतिहासजमा झाला. डेटाबेसच्या तत्त्वांना जी सवलत दिली ती येथे देता येत नाही. येथे नवी आवृत्तीच हवी, नाहीतर ग्रंथालय गाठावे.

१९/ त्याच्या जोडीला एक पुस्तक अपयशाचेही असावे. १९९७ चे अर्थशास्त्राचे नोबेल मर्टन आणि शोल्स यांना मिळाले. दोघेही ज्या एलटीसीएम या गुंतवणूक निधीत भागीदार होते, तो पुढच्याच वर्षी बुडायला आला आणि न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या मध्यस्थीने वित्तसंस्थांनी सुमारे ३.६ अब्ज डॉलर ओतून त्याला सावरले. डॉनल्ड मॅकेन्झी यांचे २००६ चे ‘ॲन एंजिन, नॉट अ कॅमेरा’ या काळाचे उत्तम चिकित्सक दर्शन घडवते. सूत्रे बाजाराचे केवळ छायाचित्र काढत नाहीत, ती बाजाराला घडवतातही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने सुरुवात येथूनच करावी, असे मी म्हणेन.

२०/ आक्षेप येईल: ‘आम्ही मोडी शिकावी, फारसी शिकावी, आणि आता हेही?’ आक्षेप रास्त आहे. मोडीला पर्याय नाही, आणि वर्षभरात एकच नवी विद्या शिकता येणार असेल तर मोडीच शिकावी. पण ‘आकड्यांचे काम संगणकवाले करतील’ ही वृत्ती मला मान्य नाही. रुपयाला शेर हा भाव उलटा वाचायचा असतो, हे संगणकवाल्याला कोणी सांगायचे? ते ज्ञान आपल्याकडे आहे. ते त्याच्यापर्यंत पोचवायला त्याची भाषा आपल्याला निदान कळली तरी पाहिजे.

२१/ तेव्हा दुकानात उभ्या उभ्या करण्याजोगी पाच मिनिटांची परीक्षा अशी. आवृत्तीचे पान पाहावे: साल कोणते, आवृत्ती कितवी? प्रस्तावना वाचावी: पुस्तक कोणासाठी लिहिले आहे, त्यात आपण बसतो का? सूची चाळावी: आपल्याला अडलेला शब्द तीत आहे का? एक प्रकरण उघडावे: लेखक गृहीतके उघड मांडतो का, आपली रीत कोठे लागू पडत नाही हे सांगतो का? शेवटी स्वाध्याय पाहावेत. ते नसतील तर पुस्तक वाचून होईल, पण विद्या येणार नाही.

२२/ आणि एकाच वेळी तीन पुस्तके घेऊ नयेत. आधी आपला प्रश्न एका वाक्यात कागदावर लिहावा, मग त्या प्रश्नाचे पुस्तक शोधावे. मी उलटे केले: आधी पुस्तक आणले, मग त्याला साजेसे आलेख काढत बसले. त्यापायी प्रबंधिकेचे एक प्रकरण मुळापासून पुन्हा लिहावे लागले. दुष्काळात उपाशी राहिलेल्या माणसांच्या वाट्याला माझ्या अज्ञानाने कागदावर का होईना स्वस्ताई दिली होती, याची खंत मात्र प्रकरण पुन्हा लिहूनही गेलेली नाही.

२३/ हर्नडनकडे गुप्त कागद नव्हता, मोठे पद नव्हते. पडताळून पाहण्याची सवय होती आणि समोरची स्प्रेडशीट वाचता येत होती. पहिली गोष्ट आपली परंपरा आपल्याला देते. दुसरी, नीट निवडलेल्या दोन-तीन पुस्तकांतून मिळवता येते. आपण असे एखादे पुस्तक वाचले असेल, तर त्याचे नाव, आवृत्ती आणि ते कोणत्या प्रश्नासाठी उपयोगी पडले, हे खाली अवश्य लिहावे. आवृत्ती विसरू नये. धागा समाप्त.