भेटीची नोंद

सिंदी (रेल्वे) येथील शेतकऱ्याला मंत्रालयात जायचे असेल, तर ओळखपत्र, प्रवेशपत्र आणि अलीकडे चेहऱ्याची पडताळणी असे टप्पे ओलांडावे लागतात. तो कोणत्या विभागात गेला, याची नोंद सुरक्षा व्यवस्थेकडे राहते. एखाद्या उद्योगसमूहाचा प्रतिनिधी मंत्र्यांना कोठे भेटला आणि त्याने कोणती सवलत मागितली, हे मात्र जनतेसमोर येईलच असे नाही. अशा प्रतिनिधीला इंग्रजीत लॉबीस्ट म्हणतात. आपल्याकडे 'फाईल फिरवणारा' एवढेच नाव प्रचलित आहे.

सिंदीकरांना हा विषय दूरचा वाटू नये. येथे जवाहरलाल नेहरू बंदराच्या कोरड्या बंदराची योजना आली आणि जमीन, रस्ते, मालवाहतूक यांवर गावाचे भवितव्य अवलंबून राहू लागले. अशा निर्णयांत कोणी कोणता आग्रह धरला, हे कापूस उत्पादकाला कळण्याची सोय कोणती?

माहिती अधिकार आहे. महाराष्ट्राने २००२ मध्ये स्वतंत्र कायदा केला; पुढे २००५ चा केंद्रीय कायदा आला. त्याच्या कलम ४(१) नुसार महत्त्वाची धोरणे आखताना संबंधित सर्व वस्तुस्थिती प्रसिद्ध करणे बंधनकारक आहे. तरतूद उत्तम आहे. अडचण अशी की, दहा रुपये भरून मागितलेला कागद दप्तरी असावा लागतो. ज्या बैठकीचे इतिवृत्तच लिहिले गेले नाही, तिची प्रत कोण देणार? बँकेत किरकोळ रकमेलाही व्हाउचर लागते. कोट्यवधींच्या सवलतीमागील संभाषणाला काहीच लागू नये, हे विचित्रच.

२०१२ मध्ये वॉलमार्टच्या लॉबिंगखर्चावरून संसदेत गदारोळ झाला. भारतीय बाजारप्रवेशासह अनेक विषयांवरील तो खर्च सुमारे अडीच कोटी डॉलर होता आणि तो उघड झाला अमेरिकेच्या १९९५ च्या कायद्यानुसार भरलेल्या विवरणपत्रांतून. तेथील राज्यांचेही असे स्वतंत्र नियम आहेत. आपल्याकडे कालिकेश सिंहदेव यांनी २०१३ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडले. त्याचा कायदा झाला नाही.

गाऱ्हाणे मांडणे हा गुन्हा नव्हे. व्यापारी संघटना निवेदने देतात, शेतकरीही देतात. निवेदनाला आवक क्रमांक मिळतो, बंद दाराआडच्या भेटीला मिळत नाही. राज्य शासनाने मंत्री व सचिव यांच्या अशा भेटींची तारीख, भेटणाऱ्याचे नाव, तो कोणाच्या वतीने आला आणि विषय, एवढे चार रकाने दरमहा प्रसिद्ध करावेत. त्यासाठी विधेयकाची वाट पाहण्याचेही कारण नाही. शासन निर्णय पुरेसा आहे.